जर्मन शेफर्ड घेताना चालवून बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात पान तीनवर श्वान प्रदर्शनाची बातमी आली आहे. पहिल्या आलेल्या जर्मन शेफर्डचा फोटो आपण मोठा छापलात आणि त्याखाली ओळ दिलीत, 'डौलदार उतरती पाठ, वजन तब्बल 48 किलो'. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे. मी जिल्हा पोलिसांच्या श्वान पथकात सोळा वर्षं हस्तक, म्हणजे कुत्रा सांभाळणारा नि त्याच्याकडून काम करून घेणारा, होतो. त्यातली आठ वर्षं तेजा नावाचा जर्मन शेफर्ड माझ्याबरोबर होता. तो जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्याच्या पट्ट्याची ओढ अजून माझ्या उजव्या मनगटात आहे. ज्या दोन गोष्टींचं आपण कौतुक केलंत, ते दोन्ही या जातीचे दोष आहेत. आपलं दैनिक घराघरांत वाचलं जातं. ती ओळ वाचून उद्या कुणीतरी तसंच पिल्लू शोधायला निघेल, याची मला काळजी वाटते.

प्रदर्शनाला मी नातीला घेऊन गेलो होतो, त्यामुळे नुसत्या फोटोवरून बोलत नाही. कुत्रा देखणा होता. अंगावर तकाकी, कान ताठ, डोळे काळेभोर. रिवाजाप्रमाणे त्याचा एक मागचा पाय पोटाखाली आणि दुसरा मागे ताणून उभा केला होता. असं उभं केलं की कुठल्याही शेफर्डचा मागचा भाग थोडा खाली दिसतो, त्यामुळे तेवढ्यावरून मी काही म्हणणार नाही. पण रिंगणात फेरी सुरू झाली आणि मी नातीचा हात धरून पुढे सरकलो. मागचे दोन्ही घोटे आत वळून एकमेकांना घासत होते. पाऊल टेकताना पाय थरथरत होता. तिसऱ्या फेरीला तोंड पूर्ण उघडलं आणि जीभ एका बाजूला लोंबू लागली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, ऊन अजून चढायचं होतं. मालकाला मी बोल लावत नाही. कुत्रा दर चार पावलांनी मान वळवून त्याच्याकडे बघत होता, म्हणजे त्याने जीव लावून वाढवलाय. त्याला चांगलं म्हणजे काय हेच कुणी नीट सांगितलेलं नाही.

आधी वजनाचं बघू. या जातीचं मानक तिच्या मायदेशात, जर्मनीत ठरलं आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेने ते 166 क्रमांकाने स्वीकारलं आहे. त्यात नराची खांद्यापाशी उंची 60 ते 65 सेंटिमीटर आणि वजन 30 ते 40 किलो सांगितलं आहे. मादीची उंची 55 ते 60 सेंटिमीटर, वजन 22 ते 32 किलो. म्हणजे बक्षीस मिळालेला कुत्रा वरच्या मर्यादेच्याही आठ किलो पुढे आहे. आपण सगळे या कुत्र्याला 'मोठा' म्हणतो, पण त्या मानकात त्याचा आकार 'मध्यम' लिहिलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तेजा 63 सेंटिमीटर उंच होता आणि त्याचं वजन 34 किलो होतं. दर महिन्याला काट्यावर घ्यायचो. किलो-दीड किलो वाढलं तरी खुराक कमी करायचा हुकूम होता.

हे आकडे कुणी टेबलावर बसून ठरवलेले नाहीत. 3 एप्रिल 1899 रोजी कार्ल्सरुए इथल्या प्रदर्शनात घोडदळातला एक कॅप्टन, माक्स फॉन श्टेफानिट्झ, याला एक मेंढ्या राखणारा कुत्रा दिसला. त्याने तो तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचं नाव बदलून होरांड ठेवलं, आणि त्याच महिन्यात जातीची संघटना काढून वंशावळीच्या वहीत पहिली नोंद होरांडची केली. आजचा प्रत्येक जर्मन शेफर्ड त्याच्यापर्यंत जाऊन पोचतो. हा होरांड 61-62 सेंटिमीटरचा होता आणि त्या काळी तो मोठाच गणला जायचा. पुढे पंचवीस वर्षांत लोकांना उंच, चौकोनी, जडशीळ कुत्री आवडायला लागली. तेव्हा 1925 साली श्टेफानिट्झने स्वतः निवाडा करताना क्लोडो नावाच्या बुटक्या, लांबट आणि चपळ कुत्र्याला जाणूनबुजून पहिला नंबर दिला आणि जातीला परत वळणावर आणलं. एका निकालाने सगळ्यांच्या पैदाशीची दिशा बदलते, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या प्रदर्शनातल्या निकालाचंही तसंच आहे. पहिल्या आलेल्या नराकडे पुढच्या सहा महिन्यांत किती माद्या येतात ते विचारून बघा.

माझं गाव माण तालुक्यातलं. लहानपणी आमच्या शिवारात धनगरांचे वाडे बसायचे. त्यांची कुत्री दिवसा गाडग्याजवळ झोपायची आणि रात्री लांडग्यावर जायची. जर्मन मेंढपाळाच्या कुत्र्याचं काम वेगळं होतं, हे मला पुण्यात प्रशिक्षणाला गेल्यावर उस्तादांनी समजावलं. तिकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पीक उभं असतं आणि मधून शेकडो मेंढ्या चरत जातात. कुत्र्याने पिकाच्या बांधाच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, एकही मेंढी आत जाऊ द्यायची नाही. चालतंबोलतं कुंपणच ते. असं काम उड्या मारून होत नाही, सुसाट पळूनही होत नाही. त्याला दुडकी चाल लागते, आणि ती संध्याकाळपर्यंत न मोडणारी लागते. या कुत्र्याचं सगळं शरीर त्या चालीसाठी आहे. अंगाची लांबी उंचीपेक्षा 10 ते 17 टक्के जास्त का, तर चारी पायांना लांब पाऊल टाकायला जागा मिळावी म्हणून. छातीची खोली उंचीच्या 45 ते 48 टक्केच का, तर फुप्फुसं मोठी असावीत पण छाती पिंपासारखी होऊन कोपर बाहेर फाकू नये म्हणून. प्रत्येक मापामागे काम आहे.

उस्ताद म्हणायचे, कुत्रा खालून वर बघत जायचा. आमच्याकडे खिल्लार खोंड घेतानाही जाणता माणूस शिंगांपाशी थांबत नाही. तो खूर बघतो, दात बघतो, पुठ्ठ्यावर थाप मारतो आणि मग चार पावलं चालवून बघतो. शेफर्डच्या बाबतीतही पहिला पंजा. बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली, मधे थोडी उचललेली, मूठ सैलसर मिटावी तशी हवीत. गाद्या जाड आणि काळ्या. पंजा पसरट असला तर तो कुत्रा घरात छान दिसेल, पण मे महिन्यात आमच्या भागात दोन किलोमीटर माग काढू शकणार नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. एकदा पहाटे एका वस्तीवरच्या घरफोडीचा माग काढायला गेलो होतो. तेजाने अंगणातून वास घेतला आणि आम्ही ओढ्यातून, तिथून कापलेल्या उसाच्या रानातून, पुढे डांबरी रस्त्याने निघालो. उसाची खोडकी भाल्यासारखी उभी होती. मी बूट घालून ठेचाळत होतो. साडेपाच किलोमीटर गेल्यावर तेजा एका पत्र्याच्या शेडसमोर थांबला आणि बसला. काम झाल्यावर मी सावलीत त्याचे चारही पंजे मांडीवर घेतले. बोटांच्या बेचक्यांत कुसळं अडकली होती, ती एकेक करून काढली. सगळी मिळून सात निघाली, आत मात्र एकही घुसलं नव्हतं. बोटं जुळलेली होती म्हणून. दुसऱ्या पथकातला एक कुत्रा होता, नाकाने तेजापेक्षा तरबेज, पण पंजा फाकलेला. त्याच्या बोटांत कुसळ शिरून पू व्हायचा आणि हंगामातला निम्मा काळ तो केनेलमध्येच पट्टी बांधून असायचा. एवढं चांगलं नाक पंज्यापायी वाया गेलं, याची हळहळ मला आजही आहे.

माग काढताना नाक जमिनीला लागून तासभर चालतं, तेव्हा खांदा आणि मान बघावी लागते. खांद्याचं हाड लांब आणि मागे झुकलेलं असेल तर पुढचा पाय लांब जातो, आणि मान खाली घालून चालताना खांदे आखडत नाहीत. जबड्यात 42 दात पुरे हवेत आणि वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसायला हवेत. कानांचं नि रंगाचं लोक फार बोलतात, त्याबद्दल मला विशेष सांगायचं नाही. कान ताठ असले आणि डोळे गडद असले की झालं. अंगावरची केसाळ झूल दाट असावी, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. उन्हाळा आला म्हणून ती मशीनने भादरू नका, एवढं मात्र हात जोडून सांगतो. त्या झुलीने ऊन अंगापर्यंत पोचत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि अंगावर आठ किलो जास्तीचे असले तर ते त्याला झेपत नाही.

आता पाठ. मानकात पाठ किंचित उतरती सांगितली आहे, हे खरं. पण ती सरळ आणि कणखर हवी, मानेपासून कमरेपर्यंत एका ओघात जाणारी. त्यापुढचा पुठ्ठ्याचा भाग साधारण 23 अंशांनी उतरतो. त्या 'किंचित'चं गेल्या काही दशकांत काय झालं हे आपण प्रदर्शनांत बघतो. पाठीला बाक आला, मागचे पाय जास्तच दुमडले, कुत्रा घोट्यावर बसल्यासारखा चालू लागला. मागच्या पायांतून येणारा जोर पाठीच्या मार्गाने पुढे जातो. पाठ वाकडी असेल तर तो जोर मधेच जिरतो आणि खुबा, गुडघा, घोटा यांच्यावर ताण येतो. बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात 2016 साली अशाच उतरत्या पाठीच्या मादीला जातीत पहिली ठरवलं, तेव्हा इंग्लंडभर गदारोळ झाला. रिंगणातली तिची अडखळती चाल लोकांनी टीव्हीवर बघितली होती. त्यानंतर तिथल्या केनेल क्लबने जातीच्या मानकात भर घातली की कुत्र्याला कुणी न धरता, मोकळं, स्वस्थ उभं राहता आलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट कागदावर लिहावी लागली.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने लिहितो, त्याला घरचं कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने एका नावाजलेल्या विक्रेत्याकडून पिल्लू आणलं. मला विचारलं नाही, कारण काकांना सरप्राइज द्यायचं होतं. विक्रेत्याने सांगितलं, 'डबल बोन आहे, शो लाइन आहे, बाप पन्नास किलोचा, पेपर आहेत'. पेपर होते, खरे होते. पण त्या कागदांवर आई-बापांची नावं असतात, त्यांचे सांधे कसे आहेत ते नसतं. डबल बोन, म्हणजे दुप्पट जाड हाडाचं, असं काही मला सोळा वर्षांत कुठल्या पशुवैद्याकडून ऐकायला मिळालं नाही. पिल्लू गोड होतं, नाव ठेवलं बादल. पुतण्या हौसेने त्याला दिवसातून चार वेळा खाऊ घालायचा, वर कुणी सांगितलं म्हणून कॅल्शियमची पावडर. घरात गुळगुळीत टाइल्स. सातव्या महिन्यात मी बघायला गेलो तेव्हा बादल माझ्याकडे धावत आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा उड्या मारत येत होता.

मी पुतण्याला त्याच दिवशी एक्स-रे काढायला लावला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून आम्हाला दाखवली. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत पुरता बसायला हवा. बादलचा दोन्हीकडे अर्धाच बसलेला, वाटी बशीसारखी उथळ. याला हिप डिस्प्लेझिया म्हणतात. तो आई-बापांकडून येतो आणि पिल्लू झपाट्याने वाढवलं, लठ्ठ केलं, की बळावतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं हाडांना घातक असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पुतण्याचा चेहरा बघवत नव्हता. आज बादल साडेतीन वर्षांचा आहे. सकाळी उठताना आधी पुढच्या पायांवर उभा राहतो, मग थोडा थांबतो, मग मागचा भाग ओढून वर घेतो. घराला पाच पायऱ्या आहेत. तो खालच्या पायरीशी येऊन पुतण्याकडे बघतो आणि पुतण्या त्याला उचलतो. विक्रेत्याला आम्ही फोन केला होता. त्याने दुसरं पिल्लू निम्म्या किमतीत द्यायची तयारी दाखवली. पुतण्याने फोन ठेवून दिला.

सडपातळ ठेवण्याची भीती आपल्या लोकांना फार वाटते. कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या की आई म्हणते, उपाशी आहे. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर घेऊन त्यांच्या सगळ्या आयुष्यभर एक अभ्यास झाला. एकाच वेतातल्या जोड्या करून, एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. आमच्या पथकात यासाठी काटाही लागायचा नाही. डोळे मिटून कुत्र्याच्या बरगडीवर हात फिरवायचा. मूठ वळून तिच्या हाडांवरून बोट फिरवल्यासारखं टोचलं तर तो हडकलाय. तळहातावरून फिरवल्यासारखं गुबगुबीत लागलं तर माजलाय. हात सपाट पसरून आपल्याच हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवल्यासारखं लागलं तर बरोबर. वाचकांनी आजच आपल्या कुत्र्यावर हे करून बघावं.

जर्मनीत पैदाशीच्या तपासणीला कुत्रा न्यायचा तर खुब्यांचा एक्स-रे लागतो, कामाची परीक्षा लागते, आणि सायकलच्या बाजूने दुडक्या चालीत 20 किलोमीटर पळून दाखवावं लागतं. मधे विश्रांती असते, तिथे परीक्षक पंजे तपासतो, कुत्रा थकलाय का बघतो. 48 किलोचा, घोटे घासणारा कुत्रा ती परीक्षा पार करेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे पिल्लं विकणाऱ्या बहुतेकांना असलं काहीच करून दाखवावं लागत नाही. जगभरच्या पोलीस आणि लष्करी पथकांत आता बेल्जियन मॅलिनॉइस वाढत चालला आहे, आपल्या निमलष्करी दलांतही तो आला आहे. त्याच्या नराचं वजन 25 ते 30 किलो असतं. तो गुणीच आहे, मी त्याच्याविरुद्ध नाही. पण शेफर्डची जागा त्याने घेतली, यात शेफर्डला जड आणि वाकडा करून ठेवणाऱ्यांचा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते मला सलतं.

जर्मन शेफर्ड घेऊ पाहणाऱ्यांना एवढंच विनवतो की पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघायला मागा. ती बसलेली असेल तर उठवायला सांगा, आणि ती कशी उठते याच्याकडे लक्ष द्या. पट्टा सैल सोडून तिला पन्नास पावलं दुडकायला लावा, एकदा समोरून, एकदा मागून बघा. मागून बघताना घोटे समांतर जायला हवेत. वर्षाची झाल्यानंतर काढलेले आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. विक्रेता रागावला तर घरी परत या.

आपल्याकडे माझी एक मागणी आहे. पुढचं प्रदर्शन जानेवारीत आहे असं कळतं. आपल्या छायाचित्रकाराला सांगा, पहिल्या आलेल्या कुत्र्याचा बक्षीस घेतानाचा, पाय ताणून उभा केलेला फोटो काढू नये. रिंगणाच्या लांब बाजूला, जमिनीलगत बसावं आणि कुत्रा सैल पट्ट्यावर दुडकत समोरून जाताना टिपावा. ओळीत वजन लिहायचं तर शेजारी उंचीही लिहावी. छायाचित्रकाराची हरकत नसेल तर मी सकाळी आठला तिथे येईन आणि नेमकं कुठे बसायचं ते दाखवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त श्वान हस्तक
(जि. सातारा)